दोघींचे पाढे सारखेच

गोडादरा भागातल्या कॉम्प्युटर क्लासमध्ये योगेंद्र सरांनी परीक्षेचे तपासलेले कागद वाटले, तेव्हा चैतालीच्या कागदावर लाल शाईचा भोपळा होता आणि शेजारी एकच शब्द, 'कॉपी'.

"चैताली, ज्योती, उभ्या राहा," सर म्हणाले. "दोघींचं प्रिंटआऊट अगदी सारखं. एक स्पेससुद्धा इकडची तिकडे नाही. कोणी कोणाचं बघितलं?"

सर चेष्टा करतायत असंच चैतालीला आधी वाटलं. कारण प्रश्नच तसा होता. पायथन भाषेत प्रोग्राम लिहून एक ते दहाचे पाढे छापायचे, एका ओळीत एक पाढा, आणि प्रत्येक आकडा आपल्या रकान्यात उजवीकडे टेकलेला हवा, एककाखाली एकक. सरांनी नमुना छापून दिला होता आणि खाली बजावलं होतं की उत्तर हुबेहूब असंच आलं पाहिजे.

"सर, हुबेहूब पाहिजे असं तुम्हीच लिहिलं होतं," ती म्हणाली. "वेगळं आलं असतं तर चूक दिली असती ना?"

"मग बाकी कोणाचं का नाही आलं हुबेहूब?"

"त्यांचं चुकलं म्हणून."

मागची पोरं हसली आणि सरांचे कान लाल झाले. "मला शिकवू नकोस. दोघी माफी लिहून आणा, तरच पुढच्या बॅचला बसवीन."

"आमचे प्रोग्राम तरी बघा, सर."

"प्रिंटआऊट बघितलं, तेवढं पुरे आहे."

ज्योती तिच्याकडे न बघताच खाली बसली. गरब्यात पहिल्या रांगेत कोणी नाचायचं यावरून दोघींचं नवरात्रात वाजलं होतं, तेव्हापासून त्या एकमेकींशी बोलतच नव्हत्या. जिच्याकडे बघायचंही नाही, तिचं बघून लिहिलं म्हणे. चैताली घरी जाईपर्यंत मनातल्या मनात सरांशी भांडत राहिली.

घरी वडील तिच्या आधी आले होते. बाजीराव बमरोलीच्या कापड कारखान्यात लूम चालवायचे. सरांचा फोन त्यांना कारखान्यातच गेला होता. मशिनींच्या खडखडाटात ऐकू येईना म्हणून त्यांनी स्पीकर लावला, आणि 'तुमच्या मुलीने कॉपी केली' हे सरांना दोनदा ओरडून सांगावं लागलं. शेजारच्या लूमवरच्या माणसांनीही ते ऐकलं.

"तू कॉपी करी का वं?" त्यांनी विचारलं.

"नही, बाबा."

"मास्तर खोटं कसाले बोली?"

वडील ओरडले असते तर बरं झालं असतं. ते नुसते मान खाली घालून जेवले. चैतालीला जेवण गेलं नाही. ताट सरकवून ती उठली आणि मागच्या गल्लीत ज्योतीच्या घरी गेली.

ज्योती माफीच लिहीत बसली होती.

"लिहू नकोस," चैताली दारातूनच म्हणाली.

"लिहून टाकायचं आणि मोकळं व्हायचं. तुला कशाला एवढं लागलंय?"

"केलं नाही त्याची माफी? तुझा प्रोग्राम दाखव."

ज्योतीने भावाचा लॅपटॉप उघडला. तिचा प्रोग्राम जेमतेम चार ओळींचा होता. प्रत्येक आकड्यापुढे तिने कोलन टाकून चार लिहिलं होतं. म्हणजे आकडा केवढाही असो, त्याला चार अक्षरांची जागा द्यायची आणि उरलेली रिकामी जागा कॉम्प्युटरने आपणहून भरायची. चैतालीने हे सगळं हाताने केलं होतं. आकडा दहाच्या आतला असेल तर आधी तीन स्पेस, शंभराच्या आतला असेल तर दोन, नाहीतर एक. तिने ते ज्योतीच्या वहीत लिहून दाखवलं.

"हे कोलन सरांनी कधी शिकवलं?"

"सर कुठं शिकवतात? मी यूट्यूबवर बघितलं. तुझं केवढं लांबलचक झालंय."

"लांब असलं तरी चालतं ना? कितीचेही पाढे टाक, चालेल."

"टाक मग."

चैतालीने आपला प्रोग्राम त्याच लॅपटॉपवर उतरवला आणि दहाच्या जागी दीडशे टाकलं. पाढे सरसर खाली पळाले. नव्व्याण्णवपर्यंत सगळं सरळ होतं, पण तिथून पुढे उजवी कड बाहेर सरकत गेली, कारण चार अंकी आकड्याचा विचारच तिने केला नव्हता. ज्योती हसली. मग तिने स्वतःचा प्रोग्राम चालवला. त्याची कड सरळ राहिली खरी, पण शंभराच्या ओळीत नऊशे आणि हजार एकमेकांना चिकटून 'नव्वद लाख एक हजार' असा एकच आकडा झाला.

आता दोघी हसल्या. हसता हसता चैताली थांबली.

"माझं वाकडं होतं, तुझं चिकटतं," ती म्हणाली. "कॉपी असती तर दोघींचं सारखंच बिघडलं असतं."

ज्योतीने माफीचा कागद फाडला.

दुसऱ्या दिवशी क्लास सुरू होण्याआधी त्यांनी लॅपटॉप सरांच्या टेबलावर ठेवला आणि दोन्ही प्रोग्राम चालवून दाखवले. सरांनी दोन्ही प्रोग्राम एकदा स्वतः चालवून बघितले. "ठीक आहे, मार्क देतो," ते म्हणाले. "पण हे काल सांगायचं ना."

चैतालीच्या अंगाचा तिळपापड झाला. "मी कालच प्रोग्राम बघा म्हणाले होते, सर. आता बाबांना फोन करा."

"तूच सांग घरी."

"कॉपी केली हे तुम्ही सांगितलं होतं. नव्हती केली हेही तुम्हीच सांगा."

सरांनी फोन लावला. "थोडा गैरसमज झाला होता," असं काहीतरी ते पुटपुटले. चैताली टेबलापासून हलली नाही. शेवटी "तुमच्या मुलीने कॉपी केली नव्हती" हे शब्द त्यांच्या तोंडून निघाले, तेव्हाच ती जागेवर जाऊन बसली.

वर्ग भरल्यावर सरांनी फळ्याकडे तोंड करून तेच हळू आवाजात सांगितलं. चैताली उभी राहिली. "सर, मागच्या बाकांना ऐकू आलं नाही."

आज कोणी हसलं नाही. सर वळले आणि मोठ्याने म्हणाले, "दोघींनी कॉपी केली नव्हती. चूक माझी होती." मग त्यांनी खडू उचलला आणि आकड्यापुढचं कोलन शिकवायला घेतलं. चैतालीने सगळं उतरवून घेतलं, पण तिचा राग काही उतरला नव्हता. शिकवायचंच होतं तर परीक्षेच्या आधी काय झालं होतं?

सुटल्यावर दोघी बरोबरच जिना उतरल्या. वाकडं झालेलं बरं की चिकटलेलं, यावरून त्यांचं खालच्या पायरीपर्यंत भांडण चाललं होतं.