तिघांच्या मापाची वाकळ

मी वाकळ बोलतेय. सगळी नाही. माझे दोन हिस्से इथं सोलापुरात, घरकुल वसाहतीतल्या एका घरात लोखंडी कॉटवर आहेत. तिसरा हिस्सा आज कुठल्या देशात आहे, ते मला ठाऊक नाही. शिवली तेव्हा मी एकच होते.

मला महादेवीनं शिवलं. ती शाळेचे गणवेश शिवायच्या कारखान्यात कामाला होती. खाकी पँटीच्या चिंध्या, मुलींच्या फ्रॉकची निळी चौकडी, शर्टाच्या पांढऱ्या पट्ट्या, असलं उरलंसुरलं ती पिशवीतून घरी आणायची. माझ्या पोटात तिनं सासूचं जुनं इरकली लुगडं घातलं. मधोमध नवऱ्याचा, अजिनाथचा, गॅरेजमधला शर्ट लावला. त्यावरचा ग्रीसचा डाग काही केल्या गेला नव्हता.

"ऱ्हाऊ दे की," ती म्हणाली. "परदेशात बी समद्यास्नी कळंल, मिस्त्रीची वाकळ हाय म्हनून."

कारण मी परदेशी जाणार होते. अजिनाथनं शाळेची एक जुनी व्हॅन घेतली होती. आतली बाकडी काढून फळ्यांचा पलंग ठोकला होता. त्या व्हॅनमधून तो, महादेवी आणि त्यांची चार वर्षांची राजनंदिनी, असे तिघं जगाची फेरी मारणार होते. दीड-दोन वर्षं घरी यायचं नाही. माझं माप त्या व्हॅनमध्येच घेतलं. एका कडेला तो झोपला, दुसऱ्या कडेला ती, मधे पोरगी. महादेवीची सासू गोजाबाई माप घ्यायला दारात सुतळी घेऊन उभी.

"जरा सैल धर गं," ती म्हणाली. "पोरगी वाटंत वाढंल की."

म्हणून मी चार बोटं जास्तीची झाले.

घराची कामं आवरून महादेवी मला मांडीवर घ्यायची. अजिनाथ समोर फोन धरून व्हिडिओ काढायचा आणि लोकांना दाखवायचा. "बघा मंडळी, आमी तिघं निघालोय जगाला, आन ही आमची वाकळ!" महादेवी लाजून पदर तोंडावर घ्यायची. पण टाका चुकायचा नाही.

शेवटचा कोपरा राहिला तेव्हा गोजाबाईनं कडक भाकरीचा तुकडा आणला. आमच्याकडं वाकळ उपाशी ठेवत नाहीत. शेवटचा टाका घालायच्या आधी तिच्या पोटात घास देतात. मग जो पांघरेल त्याला अन्न कमी पडत नाही, असं म्हणतात. अजिनाथच्या कडेच्या कोपऱ्यात तो तुकडा गेला. त्यानं फोनसमोर कोपरा चिमटीत धरला. आत भाकरी कुरकुरली.

"ऐकलं का मंडळी? आता जगात कुटं बी जावा, आमी उपाशी न्हाय!"

महादेवीला मात्र सगळ्याचीच भीती. तिकडं पोरीला ताप आला तर? दूध कसलं मिळंल? गर्दीत हात सुटला तर? भाकऱ्या थापताना ती राजनंदिनीकडून फोन नंबर गाण्यासारखा म्हणून घ्यायची. एक आकडा चुकला की पुन्हा पहिल्यापासून. पोरगी कंटाळायची. "मम्मी, मी न्हाय हरवनार. तूच हरवशील!" स्वतः महादेवी सातवी शिकलेली. 'वॉटर', 'हेल्प', 'माय डॉटर' एवढं तिनं पाठ केलं. शेंगाचटणी कुटून डबे भरले. पोरीचं अंगणवाडीतलं नाव काढलं. तुळस शेजारणीला दिली. कारखान्यातलं कामही सोडलं. तिच्या मशीनवर लगेच दुसरी बाई बसली. भीत भीत का होईना, ती सगळं सोडून मोकळी झाली होती.

आणि एका दुपारी अजिनाथ नव्या मोटारसायकलवरून घरी आला. दोन्ही बाजूंना मोठ्या पिशव्या. मला कॉटवरून उचलून त्यानं एका पिशवीत कोंबायला बघितलं. मी मावले नाही.

"ही माज्यापुरती कापून दे," तो म्हणाला.

महादेवीला वाटलं, चेष्टा करतोय. "आन आमी काय पांघरायचं? आभाळ?"

"तुमास्नी हितं घरात पांघरुनाची काय कमी हाय?"

'हितं' म्हटल्यावर तिनं दाराबाहेर बघितलं. मग म्हणाली, "व्हॅन कुटं हाय?"

"इकली. व्हॅननं न्हाय जमत, महादेवी. लेकरू घिऊन तर न्हाईच. दोघं दोस्त निघाल्यात मोटारसायकलनं, त्यांच्यासंगं जातो. दीड वरसाचा तर सवाल हाय."

"कदी ठरलं ह्ये?"

तो पिशवीचा पट्टा ओढत बसला. आतून गोजाबाई बोलली, "दिवाळीच्या आदीच. मला म्हनला, वाकळ शिवून हूं दे, मग सांगतो तिला."

दिवाळीच्या आधी! माझा पहिला टाका पडला तो दिवाळीनंतर. म्हणजे ती मला तिघांसाठी शिवत होती, तेव्हा समोर फोन धरून बसलेल्याला माहीत होतं की मी एकट्याची आहे.

"मग त्या फोनम्होरं तिघं तिघं म्हनून कशाला वरडत हुता?"

"लोकास्नी आवडत हुतं," अजिनाथ म्हणाला.

मला वाटलं, ती मला उराशी धरेल, देणार नाही म्हणेल. तिनं कारखान्यातली मोठी कात्री आणली. माझ्याच अंगावर बसून मला कापलं. एकेक थर कर्र कर्र आवाज करत होता. शिवताना इतकी जपायची मला. त्या दिवशी तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

भाकरीचा कोपरा त्याच्या हिश्शात गेला होता. तो पिशव्या बांधायला बाहेर गेला, तशी महादेवीनं कोपऱ्याचे टाके उसवले. तुकडा काढला. राजनंदिनीच्या उशाकडच्या माझ्या कोपऱ्यात तो घातला आणि शिवून टाकला. त्याच्या कोपऱ्यात तिनं बकरम भरलं. बकरम म्हणजे शर्टाच्या कॉलरला आतून लावतात ते ताठ कापड. चिमटीत धरलं की तेही कुरकुरतं.

निघायच्या दिवशी सगळं घरकुल जमलं. नारळ फुटला. पोरं फोन वर धरून उभी. शेजारणीनं विचारलंच, "का गं, तू न्हाय चाललीस?" महादेवी म्हणाली, "लेकरू लहान हाय न्हवं." गाडीवर बसता बसता अजिनाथनं माझ्या त्या हिश्शाचा कोपरा चाचपला.

"तुकडा हाय न्हवं ह्यात?"

"हाय की," महादेवी म्हणाली. "दाबून बघा."

त्यानं दाबलं. कुरकुर ऐकून हसला आणि गेला. त्यानं माझा विश्वासघात केला तो तिघं तिघं म्हणत. तिनं मात्र मलाच खोटं बोलायला लावलं. कुणावर जास्त रागावू, मला अजून ठरवता येत नाही.

आता कधीमधी त्याचा फोन येतो. मागं बर्फाचे डोंगर, तंबू, खांद्यावर माझा हिस्सा. महादेवी काय बघितलं विचारत नाही, कधी येताय विचारत नाही. पहिलं वाक्य ठरलेलं.

"जेवलात का?"

"जेवलो की. सारकं त्येवडंच काय गं इचारतीस?" तो हसतो. "तुजा तुकडा हाय की संगं. उपाशी कसा ऱ्हाईन?"

तेव्हा तिच्या मुठीत माझा कोपरा असतो. इतका घट्ट, की आतल्या भाकरीचा पार चुरा झालाय. मध्ये एकदा दोन दिवस फोन लागला नाही. ते दोन दिवस तिनंही घास घेतला नाही.

माझी कापलेली कड तिनं अजून शिवलेली नाही. इरकलीचे धागे लोंबतात, झोपेत राजनंदिनीच्या पायाच्या बोटांत अडकतात. रोज थोडी थोडी उसवतेय मी.

महादेवी, मी तुझ्याच हातची आहे, म्हणून मागते. कड शिवून घे. दोघींना पुरेल एवढी मी अजून आहे. आणि पुढच्या फोनला त्यानं हसायच्या आत सांगून टाक, की त्या कोपऱ्यात बकरम हाय, भाकरी न्हाय. मग तो रागावू दे, नाहीतर माघारी येऊ दे. पण त्यानंतर 'जेवलात का' असं विचारताना तुझी मूठ माझ्या कोपऱ्यावर नसेल.