गुळव्याची तहान

आमचे मालक, सयाजी, कोल्हापूरशेजारच्या एका गुऱ्हाळावर गुळवे होते. काहिलीतला पाक कधी उतरवायचा हे त्यांना नुसत्या वासावरून कळायचं. दिवाळीनंतर ते वाळत चालले. घागरीच्या घागरी पाणी प्यायचे. जाळापुढं उभं राहणाऱ्याला तहान लागणारच, असं मीच म्हणायची. ते लघवीला जायचे तिथं मुंग्या लागायच्या, पण गुऱ्हाळात मुंग्या कुठं नसतात? तिथंच चुलवाणात जाळ घालणारा माझा धाकटा दीर, आकाराम, त्यावर हसायचासुद्धा.

मग ते रात्री गुऱ्हाळावरच निजायला लागले. माझा स्वभाव आधीच तिखट. माझ्यावरनं मन उडालं, दुसरं काय, असं डोक्यात घेतलं आणि अबोला धरला. डबा पाठवायची, पण शब्द नाही.

फेब्रुवारीत एका दुपारी त्यांना ओकाऱ्या झाल्या, धाप लागली आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं. अचानक गेले म्हणून पोस्टमॉर्टेम झालं. डब्यातून काही घातलं असेल, अशी कुजबूज सुरू झाली. तेराव्याला आकारामही माझ्याकडं बघेना. लोकांचं मला काही नव्हतं, बोलू देत. मला एवढंच कळायला हवं होतं, की माझा माणूस माझ्यावर रुसून गेला का.

रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टरबाईंनी मला आणि आकारामला समोर बसवलं.

"विष नाही. त्यांना मधुमेह होता. फार वाढलेला."

"जित्तेपणी कुणाला कळलं न्हाय, आन् मेल्यावर कसं कळलं वो?" मी भांडल्यासारखंच विचारलं.

"रक्ताला चिकटलेली साखर मेल्यावरही तशीच राहते. तपासली की मागच्या दोन-तीन महिन्यांचं समजतं. रात्री सारखे उठायचे का?"

मला काय माहीत? गुऱ्हाळावर त्यांच्याशेजारी निजणारा आकाराम मात्र हुंदके द्यायला लागला.

"व्हय. आठ-धा येळा उठायचा. वैनीची झोप मोडंल, ती पाटंपास्नं राबती, म्हणून गुऱ्हाळावर निजतो म्हणालता दादा. वैनी, चुकलो मी."

अबोला धरला मी, त्याला मी काय माफ करणार!

घरी येऊन दोघांची वाकळ एकटीवर ओढली. अवो, मोडा की माझी झोप. धा येळा मोडा. लाईट लावा, दार वाजवा, पाणी मागा. मी चिडीन, बडबडीन, पण बोलीन तुमच्याशी.