लोहारानं पाडलेलं भोक

मी एक जुना पैसा आहे, मित्रांनो, आणि चालणारा पैसा नाही हे आधीच सांगून टाकतो. माझा जन्म १९४३ चा. तेव्हा मोठं युद्ध चालू होतं आणि तांब्याची टंचाई होती. म्हणून सरकारनं पैशाच्या पोटातलं तांबंसुद्धा काढून घेतलं. वर मुकुट, मागे पानांची वेल आणि मधोमध मोठं भोक, अशी माझी सगळी भावंडं. लोक त्यांना भोकाचा पैसा म्हणत.

मी मात्र भोकाविना बाहेर पडलो. टाकसाळीत आधी चकतीला भोक पाडायचे आणि मग ठसा मारायचे. माझी चकती पहिल्या यंत्रातून कशी निसटली कोण जाणे. आपण अखंड आहोत याचा मला केवढा आनंद झाला होता. कसला आनंद नि कसलं काय. तिरोड्याच्या बाजारात लाखोरीची डाळ विकणाऱ्या एका बाईला मी मिळालो. तिनं मिठासाठी मला पुढं केलं, तर वाण्यानं परत फेकलं. "खोटा आहे हा. याले भोक कुठी आहे?" मग तिनं मला बोदलकसा तलावाजवळच्या आपल्या घरी नेऊन डब्यात टाकलं. भावंडं बाजारात फिरून झिजली, वितळली. मी नकोसा होतो म्हणून उरलो.

त्या बाईचा मुलगा धनलाल. त्याची बायको रामकली. रामकलीची पहिली दोन लेकरं अंगावर पितापिताच गेली. मग खुमेंद्र झाला, तोही दिवसेंदिवस सुकू लागला. शेजारणी म्हणाल्या, करदोड्यात भोकाचा पैसा बांध, दीठ लागत नाही. तोवर ते पैसे बंद होऊन जमाना झाला होता. ज्यांच्या घरी होते, त्यांच्या पोरांच्या कमरेला होते. रामकली दारोदार मागून आली, पण ते कोण सोडून देईल? शेवटी रामकलीनं डबा उपडा केला आणि मला लोहाराकडे नेलं.

लोहार म्हणाला, "चांगला पैसा कायले फोडतेस, बाई?"

"फोड ना बा. पोरगा सुकून राहिला माझा."

त्यानं टोकदार खिळा ठेवून हातोडा मारला. दुखलं, खोटं कशाला बोलू. पण त्याच संध्याकाळी मी काळ्या दोऱ्यात त्या पोराच्या पोटाशी होतो, आणि पहिल्यांदाच कुणाला तरी हवा होतो. पोरगा वाचला. मी वाचवला असं मी म्हणणार नाही. तांब्याच्या तुकड्यात कसली आली ताकद? दवाखान्याचे हेलपाटे रामकलीनं घातले, चमच्याचमच्यानं दूध तिनं पाजलं. पुढं तो धावू लागला, एक दिवस दोरा तुटला, आणि तिनं मला आपल्या पेटीत जपून ठेवलं.

आता खुमेंद्रचेच केस पिकलेत. परवा त्यानं मोबाईलवर पाहिलं की युद्धाच्या काळातल्या चुकीच्या नाण्यांना लाखोंचा भाव येतो. मायच्या पेटीत मी सापडलो. भोक जरा बाजूला सरकलेलं पाहून त्याला वाटलं, ही टाकसाळीची चूक. लगेच मोटारसायकल काढून तो मला गोंदियाला ईश्वरदासजींकडे घेऊन गेला. ते जुनी नाणी जमवतात.

त्यांनी मला भिंगाखाली धरलं. "भाई, ये छेद टकसाल का नहीं है. इसका किनारा एक तरफ उठा हुआ है, किसी ने हाथ से ठोका है. और टकसाल का छेद तो इससे बड़ा रहता है. देखो, बीच की धातु अभी बची है." मग त्यांनी मला उलटून पुन्हा पाहिलं. "मतलब इसमें छेद था ही नहीं. वैसा ही रहता तो बड़ी चीज थी. अब कुछ नहीं."

एवढ्या वर्षांनी मला कुणीतरी ओळखलं होतं, आणि ओळखल्याबरोबर बाजूला ठेवलं.

घरी येऊन खुमेंद्रनं मला मायपुढं टाकलं. "माय, हे भोक कोनं पाडलं?"

"म्याच पाडून आणलं, बाबू."

"लाखाची चीज होती. सत्यानाश करून ठेवला. अडानी ते अडानीच."

रामकली खाली पाहत म्हणाली, "चुकलंच माझं." गेलेल्या लेकरांची गोष्ट जिवंत लेकरापुढं काढायची नाही, म्हणून तिनं त्याला कधी काही सांगितलं नव्हतं. आणि कायले पाडलं, हे त्यानं विचारलंच नाही. तो फटफटी घेऊन निघून गेला.

तेव्हापासून ती मला मुठीत घेऊन ओसरीवर बसते. काल धनलालला म्हणाली, "नाही पाडाले पाहिजे होतं जी. पोराचं नुकसान केलं म्या."  मला फार वाईट वाटलं, मित्रांनो. ज्या भोकासाठी ती माऊली दारोदार फिरली, त्याचा तिला आता पस्तावा होतो आहे. मला तोंड असतं तर मी खुमेंद्रला ओरडून सांगितलं असतं, हे भोक तुझ्याच जिवासाठी पाडलं होतं.

जुनी नाणी चिंचेनं घासू नका, त्यांना भोकं पाडू नका, हे तुम्हाला कुणीही जाणता माणूस सांगेल, आणि ते बरोबरच आहे. माझं मागणं एवढंच की घरातली एखादी जुनी वस्तू बिघडलेली दिसली, तर बिघडवणाऱ्यावर ओरडण्याआधी क्षणभर त्याच्यापाशी बसा आणि कारण विचारा. आमच्या खुमेंद्रनं अजून विचारलेलं नाही. रामकली थकली आहे, तिला आता ऐकूही कमी येतं, पण ती अजून आहे.