एलाडिओची दोन बोटं

"माझ्या डोळ्यांदेखत दुसरा बेस चोरायचा असेल, तर माणसाने आधी मरायला हवं आणि मग त्याच्या भुताने पळायला हवं," एलाडिओ म्हणाला.

हे तो बायकोच्या सलूनमध्ये, उजव्या हाताची बोटं पसरून बसला असताना म्हणाला. नेरेइदा त्याच्या नखांना पोवळ्याच्या रंगाचं नेलपॉलिश लावत होती. आमच्या गावात याला कुणी हसत नाही. बेसबॉलमध्ये कॅचर बॅटवाल्याच्या मागे उकिडवा बसतो आणि मांड्यांच्या मधे हात धरून पिचरला बोटांनी खुणा करतो. ऊन उतरलं की रंगवलेल्या नखांशिवाय पिचरला काही दिसत नाही.

"हलू नकोस," नेरेइदा म्हणाली. "भूत पळेल तेव्हा पळेल, आधी हे सुकू दे."

त्याच दुपारी पहिल्या डावात पिंपाने दुसरा बेस चोरला. पिंप म्हणजे समोरच्या संघातला सगळ्यात जाडा माणूस. पिचरने चेंडू टाकला रे टाकला की धावत सुटायचं आणि कॅचरची फेक पोचायच्या आत पुढचा बेस गाठायचा, ही ती चोरी. पिंपाने नऊ वर्षांत असलं काही केलं नव्हतं. त्याचा त्यालाच विश्वास बसेना, वाटेत थांबून त्याने एकदा मागे वळून पाहिलं. एलाडिओची फेक निघाली ती आमच्याच पिचरच्या ढुंगणावर बसली.

सामना संपल्यावर आमचे मॅनेजर डॉन फुल्विओ फार हळू आवाजात बोलले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

"एलाडिओ, उद्या आणखी एक चूक झाली की परवापासून ओव्हिडिओ खेळेल."

ओव्हिडिओ म्हणजे मी. मी अकरा वर्षं एलाडिओचा बदली कॅचर होतो. बाकावर बसायचा माझ्याइतका अनुभव या बेटावर दुसऱ्या कुणाला नसेल.

एलाडिओच्या पहिल्या मोसमातही मी बाकावरच होतो. तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. एक्केचाळीस जणांनी त्याच्यासमोर चोरी करून पाहिली, त्यातले तीस बाद झाले. लोक त्याला 'कुलूप' म्हणू लागले. बेकरीवाला कुलपाच्या आकाराचे पाव विकायला लागला. मोसमातला सर्वोत्तम नवा खेळाडू म्हणून त्याला पितळी पुतळा मिळाला. घरी येताना बसमध्ये मी त्यावर बसलो आणि पुतळ्याचा हात तुटला. तो माझ्यावर रागावला नाही.

त्याच मोसमाच्या अंतिम सामन्यात एक चेंडू बॅटला चाटून त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटावर बसला. त्याने हात काखेत घातला.

"डॉक्टरला सांगशील तर बघ," मला म्हणाला. "तो मला बाहेर काढेल आणि तुला आत घालेल."

उरलेले तीन डाव तो तसाच खेळला. आम्ही जिंकलो. डॉक्टर नाचत होता, म्हणून एलाडिओ मावशीकडे गेला. तोवर दोन बोटं सुजली होती. मावशीने आइसफ्रूटची काडी लावून बोट घट्ट बांधलं, पण चुकून शेजारचं. ते उत्तम राहिलं. मधलं जे ताठ झालं ते कायमचं.

आठवड्याने अमेरिकेहून एक हॅटवाला करार घेऊन आला. त्याने अभिनंदन करताना एलाडिओचा हात जोरात दाबला. एलाडिओच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"आनंदाने," मी म्हणालो.

हॅटवाल्याने ते बोट उलटसुलट करून पाहिलं, करार खिशात घातला, दोन वाडगे सांकोचोचा रस्सा ओरपला आणि गेला.

मग खुणांची पंचाईत सुरू झाली. एक बोट म्हणजे सरळ वेगवान चेंडू, दोन म्हणजे वळून खाली पडणारा. एलाडिओने एक दाखवलं की मधलं आपोआप उभं राहायचं आणि दोन दिसायची. म्हणून आम्ही ठरवलं, त्याची दोन म्हणजे एक आणि तीन म्हणजे दोन. प्रत्येक नव्या पिचरच्या कानात हे सांगायचं काम माझं. डॉन फुल्विओंना तेवढं कळू द्यायचं नव्हतं. अकरा वर्षं कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सामना त्यांच्या मैदानावर होता. नवा पिचर वांडेल राजधानीहून बसने आला तेव्हा सामना अर्धा झाला होता. त्याला कुंपणापलीकडे नेऊन मी हात मोकळा करायला चेंडू टाकायला लावले.

"कॅचर कसा आहे, दादा?" त्याने विचारलं.

"देवमाणूस."

"तुम्हाला मला काही सांगायचंय का?"

"तुझी आई काय करते रे?"

मी विसरलो नव्हतो, हे इथेच सांगून टाकतो. वाक्य अगदी जिभेवर होतं. तीस चेंडू झाले. आणखी एक टाक म्हणून मीच सांगितलं, तोही तसाच गेला.

शेवटच्या डावात बरोबरी होती, त्यांचे दोन बाद होते आणि तिसऱ्या बेसवर पिंप उभा होता. तो घरी, म्हणजे बॅटवाल्यापाशी, पोचला की सामना संपला. डॉन फुल्विओंनी वांडेलला आत पाठवलं. ऊन उतरलं होतं. एलाडिओ बसला आणि त्याने मांड्यांच्या मधे बोटं धरली. पोवळ्याच्या रंगाची दोन नखं चमकली.

वांडेलने मान डोलावली.

एलाडिओने हातमोजा छातीपाशी धरला, सरळ चेंडूसाठी. बाकावरून हाक मारली असती तर पोचली असती. मी तोंड उघडलं आणि शिंकलो.

चेंडू वळला, खाली पडला, हातमोज्याखालून निसटला आणि मागच्या भिंतीपर्यंत गेला. पिंप धापा टाकत आला, अडखळला आणि पोटावर घसरत घरी पोचला.

"दोन दाखवली होती," वांडेल सगळ्यांसमोर म्हणाला. "शप्पथ. दोन होती."

डॉन फुल्विओ एलाडिओजवळ गेले. "एक दाखव."

दोन बोटं उभी राहिली.

"दोन दाखव."

तीन.

डॉन फुल्विओंनी ते मधलं बोट वाकवून पाहिलं, ते वाकलं नाही. "किती वर्षं?"

"अकरा."

"आणि बाकीचे पिचर?"

"त्यांना सांगितलेलं असतं."

"मग याला का नाही सांगितलं?"

एलाडिओने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता हा बोलणार. माझ्या हातातली पाण्याची बाटली गळत होती, बुटात पाणी जात होतं.

"मी विसरलो," एलाडिओ म्हणाला.

परतीच्या बसमध्ये तो माझ्या शेजारी येऊन बसला. तळलेल्या कच्च्या केळ्यांचा पुडा माझ्यापुढे धरला.

"वांडेल म्हणत होता, तू त्याच्या आईची चौकशी केलीस."

"हो."

"बरं केलंस," तो म्हणाला आणि खिडकीबाहेर पाहू लागला.

मंगळवारी नेरेइदाने माझी नखं रंगवली. एलाडिओने माझा हात मनगटाशी धरून ठेवला.

"खूण झाली की हा हात पाठीमागे घे," तो म्हणाला. "चेंडू यायच्या आत."

"अकरा वर्षं बघतोय," मी म्हणालो. "मला शिकवू नकोस."

त्या दुपारच्या सामन्यात पहिल्या डावातला तिसरा चेंडू बॅटला चाटून आला आणि माझ्या उजव्या हाताच्या मधल्या बोटावर बसला. बोट दोन ठिकाणी मोडलं. नेलपॉलिश शाबूत राहिलं.