फिलोमेनाची जागा

आमच्या बाराकास वस्तीतल्या क्लबात टँगोची धून सुरू झाली की लगेच कुणी नाचत नाही. जोड्या समोरासमोर उभ्या राहतात आणि गप्पा मारतात. घोड्यांची शर्यत, कुणाच्या सासूचं दुखणं, काहीही. सूर चांगले पुढे गेले की मग हात धरायचे. घाई करतो तो अडाणी, असंच आम्ही लहानपणापासून शिकलो.

नुन्झियोला हे कोण सांगणार? समुद्रापलीकडच्या कालाब्रियाहून आलेला माणूस, जन्मात कधी नाचला नाही. टँगोच्या चाली मात्र अशा बांधायचा की माझ्या बँडोनियनचा, त्या हातपेटीचा, भाता ओढताना मी डोळे मिटून घ्यायचो. त्याची पोर फिलोमेना इकडे येताना बोटीवरच तापाने गेली. तिला समुद्रात सोडावं लागलं. तिला निजवताना तो जे गुणगुणायचा, तेच त्याने एका टँगोच्या अगदी सुरुवातीला घातलं. टँगो गाजला. सगळं शहर त्यावर नाचलं, आणि ती सुरुवात एकानेही ऐकली नाही.

"मधे घाल की लेका ती," मी शंभरदा सांगितलं.

"मधे लोकांचं लक्ष पायांत असतं," तो म्हणायचा. "पोरीला कबर नाही रे. एवढीच जागा आहे तिला. एकदा लोकांनी गप्प राहून ऐकावं, मग मी मरायला मोकळा."

"आमचे लोक आणि गप्प? तू मेलास तरी राहायचे नाहीत."

थट्टेत बोललो होतो. जळो माझी जीभ.

त्याची छाती पार खराब झाली, तेव्हा क्लबाने त्याच्यासाठी खास कार्यक्रम ठेवला. त्याला खुर्चीसकट उचलून मंचावर माझ्या शेजारी बसवलं. मी स्वतः उठून सगळ्यांना विनवलं, ही सुरुवात त्याच्या लेकीची आहे, आज तेवढी ऐका. बायका डोळे पुसायला लागल्या. मला वाटलं, जमलं.

मी पहिला सूर काढला. जोड्या समोरासमोर उभ्या राहिल्या आणि सवयीने तोंडं सुटली.

"बिचाऱ्याने कसं सोसलं असेल हो."

"केवढी होती पोर?"

"माणूस सोन्यासारखा, पण नशीब बघा."

सगळा क्लब त्याच्याविषयीच बोलत होता, अगदी मायेने. त्या मायेखाली फिलोमेना पुन्हा बुडाली. मग त्यांनी हात धरले आणि नाच सुरू झाला.

टँगो संपल्यावर नुन्झियोने माझी बाही धरली.

"जाऊ दे त्यांचं," तो म्हणाला. "तू तरी ऐकलीस ना?"

मी बँडोनियनचा पट्टा आवळायला लागलो. पहिल्या सुरापासून मी तोंडातल्या तोंडात त्या लोकांना शिव्या घालत होतो.