सात नंबरची सूचना

पाण्याची बाटली त्या दिवशीसुद्धा भरलेलीच परत आली, आणि उपासनाचं डोकं फिरलं.

फिरेल नाहीतर काय! बेळगावातल्या एका दवाखान्यात उपासना स्टाफ नर्स. दिवसभर वॉर्डात हिंडून दर पेशंटला एकच पालुपद, "पाणी प्या हो मामा, लघवी साफ झाली पाहिजे." आणि तिच्याच पोटची पोर, तिसरीतली पारमिता, दोन महिन्यांत दोनदा लघवीच्या इन्फेक्शननं फणफणलेली. दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी रिपोर्ट बघून चष्म्यावरनं तिच्याकडं बघितलं. "सिस्टर, घरचंच पेशंट?" एवढंच म्हणाले. उपासनाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

"का गं पाणी प्याली न्हाईस?"

"तहानच लागत न्हाई, मम्मी."

"खेळून घामाघूम होऊन येतीस, आणि तहान लागत न्हाई?"

पारमितानं दप्तर उचललं आणि आत नेलं. गप्प बसण्यात पोर आजोबांवर गेलेली. उपासनाचे वडील कल्लाप्पा, सगळा जन्म वीटभट्टीवर गेला. लेकीला शाळेत सोडताना ते एकच सांगायचे, "बाळ, कुणाला बोट दाखवायला जागा ठेवू नको." लेकीनं ठेवली नाही. कधी उशीर नाही, कधी गृहपाठ चुकला नाही, कधी उलट शब्द नाही. तेच वाक्य तिनं पारमिताच्या दप्तरात डब्यासारखं रोज भरून दिलेलं. त्याचं काय होऊन बसलं ते पुढं कळेलच.

दुसऱ्या दिवशी दुपारची ड्युटी होती, म्हणून उपासना स्वतःच पोरीला सोडायला गेली. शाळा पिरनवाडीत, खानापूर रोडपासनं आत एका गल्लीत. पाटीवर हातभर लांब इंग्रजी नाव आहे, पण ते घेताना कुणाला ऐकलं नाही. वरच्या मजल्यावर पत्रे, म्हणून पत्र्याची शाळा. पाटी इंग्रजी, आत कन्नडचा पिरियड, आणि सुट्टीत सगळा दंगा मराठीत. शाळा एकच, पण गेटवर उभ्या पालकांना विचारलंत तर दहा शाळा निघतील.

जयाक्काला विचारा. खानापूरकडच्या शेतकरी घरातली बाई, नवरा युवराज उद्यमबागेत कारखान्यात. तिची आरोही पारमिताच्या बाकावरच बसते. जयाक्काच्या मते असली शाळा अख्ख्या बेळगावात नाही. "अगं, माझी पोरगी इंग्रजीत भांडतीया! आणि काय पायजे?" उलट वडगावचे मारुतीराव. घरी चार यंत्रमाग, पोरगा आदर्श चौथीत. स्कूटर बंद न करताच ते रोज बोंब मारायचे, "नुसता बाजार हाय ह्यो! शिकवत काय न्हाईत, दिखावा लई." आणि रोज पोराला तिथंच सोडून जायचे.

"जयाक्का, आरोहीची बाटली भरलेली परत येती का गं?" उपासनानं विचारलं.

"भरलेली? छ्या! रिकामी येती, वर मलाच म्हणती, मोठी बाटली घे."

"पारमिता थेंब पीत न्हाई बघ."

"मग कुलपाचं भ्या असंल तिला."

"कसलं कुलूप?"

जयाक्कानं कपाळाला हात लावला. "म्हंजे तुला ठावं न्हाय? जूनपासनं संडासाला कुलूप असतंय. सुट्टीत तेवढं उघडायचं. पिरियडला जायचं न्हाय म्हंजे न्हाय."

उपासनाच्या डोक्यात हिशोब लख्ख झाला. मुलींना एकच संडास, नव्वद पोरी, पंधरा मिनिटांची सुट्टी. पुढं मोठ्या पोरी, मागं लहान. नंबर यायच्या आत बेल. म्हणून तहान लागत नाही! आठ वर्षांच्या पोरीनं शरीरालाच दम भरून गप्प केलेलं.

"मग तुझी आरोही?"

"ती? ती कुणाच्या बापाला भितीया! गुणाबाईला मिठी मारती, मावशी मावशी करती, चावी घेती आनि जाती." गुणाबाई म्हणजे शाळेची आया. किल्ल्यांचा जुडगा तिच्या कमरेला.

आरोही तिथंच उभी होती. "काकू, मी रोज म्हणते हिला, चल. ही येतच न्हाई. ही म्हणती तो रूल तर..."

पारमितानं तिला असा चिमटा काढला की पोरगी कळवळली. दोघी आत पळाल्या. उपासनाला वाटलं, पोरींचं काहीतरी चाललंय. कुलपापुढं तिला दुसरं काही दिसतच नव्हतं.

त्या दुपारी वॉर्डात तिचं रक्त उकळत होतं. एकीला चावी मिळते, दुसरीला नाही. का? जुना काटा मनात सलायला लागला. कल्लाप्पांना शाळेत पाण्याच्या माठाला शिवू देत नसत, त्या गोष्टी तिनं लहानपणी ऐकलेल्या. काळ बदलला म्हणतात. पण कितपत बदलला हे ज्याचं त्याला माहीत. नवरा बुद्धप्रिय निपाणीला पोस्टात, आठवड्यातनं एकदा घरी. फोनवर म्हणाला, "शनिवारी मीटिंग हाय न्हवं? तिथं बोल. पण शांतपणे बोल."

"शांतपणे बोलायला तुम्हीच या," म्हणून तिनं फोन ठेवला.

शनिवारपर्यंत गेटवर नुसता विषय तोच. मारुतीरावांनी तर मुठी वळल्या. "सिस्टर, तुमी बोला. आमी हाय की तुमच्या मागं!" आणखी चार बायांनी मान हलवली. एकीनं तर आपल्या पोरीचाही ताप सांगितला. उपासनाला दहा हत्तींचं बळ आलं.

शनिवारी शाळा साडेअकराला सुटली. पोरं खाली मैदानात, पालक वर पत्र्याखाली. मोठ्या मॅडम समोर बसलेल्या. बाई काही वाईट नव्हेत, हेही सांगितलं पाहिजे. दोन खोल्यांत सुरू केलेली शाळा त्यांनी पंधरा वर्षांत इथवर आणलेली. दर वाक्याच्या शेवटी "आयतु" म्हणायची सवय. म्हणजे झालं, ठरलं, आता पुढं चला.

"कुणाची काही तक्रार?" मॅडमनी विचारलं.

उपासना उभी राहिली. ताप सांगितला, रिपोर्ट सांगितला, भरलेल्या बाटल्या सांगितल्या. "नव्वद पोरींना एक संडास, त्यालाही कुलूप! जनावरांना तरी असं कुणी करतं का, मॅडम?" मग जे पोटात होतं तेही आलं. "आणि एकीला चावी मिळती, एकीला न्हाई. का ते मला इथं सगळ्यांसमोर कळलं पाहिजे."

तिनं मागं वळून बघितलं. मारुतीराव मोबाइलमध्ये इतके बुडालेले की घरी आग लागल्याचा मेसेज आला असावा. मान हलवणाऱ्या बाया आता पदर सारखे करत होत्या. ताप सांगणारी म्हणाली, "तसं आमच्या हिला काय त्रास न्हाई मॅडम, शाळा चांगलीच हाय." अगं भवाने! गेटवर वाघ आणि मॅडमपुढं शेळी. उपासनाला वाटलं, एकेकीचं बखोट धरून विचारावं.

जयाक्का तेवढी बोलली. "पोरगी आजारी पडली हे खरं हाय, मॅडम. माझ्या पोरीला चावी मिळती, मग हिलाबी मिळू द्या की."

दाराशी उभी गुणाबाई फणकारली. "मागितली तर देईन की! मी काय चावी खातीया व्हय? हिच्या पोरीनं आजपातुर मागितलीच न्हाय. मीच म्हणलं एकदा, ये बाळ, जा. तर मान हलवून पळाली."

मॅडमनी चष्मा काढून पुसला. "उपासनाताई, हा रूल मी केलेला नाही. पालकांच्या सूचनेवरनं केलाय. सूचनावही आणा गं."

जाडजूड वही आली. मॅडमनी पानं उलटली आणि वही तिच्यापुढं सरकवली. दोन वर्षांपूर्वीची तारीख. खाली एक ते अकरा, सुबक अक्षरात ओळीनं सूचना. अक्षर बघूनच उपासनानं वही जवळ ओढली. पेशंटच्या केसपेपरवर रोज लिहिते तेच अक्षर.

सातवी सूचना अशी होती: "तास चालू असताना मुले सारखी बाहेर जातात. शौचालयास कुलूप लावून ते फक्त सुट्टीत उघडावे. शिस्त लागेल." आणि खाली सही. तिचीच.

मग सगळं आठवलं. पारमिता पहिलीत, वही रोज अर्धवट. रात्रपाळी करून, डोळे चुरचुरत असताना ती मीटिंगला आलेली. रागाच्या भरात एका दमात अकरा सूचना लिहिल्या होत्या. पंखे बसवा, पाण्याचा फिल्टर बसवा, आणि चौथी तर, मुलींसाठी दुसरा संडास बांधा! दहा सूचना वहीतच वाळल्या. अमलात आली ती एकटी सातवी, तीही यंदा जूनमध्ये. तिला एक कुलूप तेवढं लागत होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला! आणि लिहिणारी कोण, तर नर्स. विसरली म्हणजे किती विसरावं माणसानं!

मागं कुणीतरी खुदकन हसलं. मारुतीरावांचं डोकं आता मोबाइलमधनं वर आलं होतं.

"चूक माझी," उपासना म्हणाली. "मीच लिहिलं, मीच खोडते." तिनं पर्समधनं पेन काढलं.

"अंहं! सूचनावहीत खाडाखोड चालत नाही," मॅडमनी वही ओढून घेतली. "नवीन सूचना लिहा. पुढच्या मीटिंगला कमिटीपुढं ठेवू. आयतु."

"पुढची मीटिंग कधी?"

"जानेवारीत."

जानेवारीत! तोवर पोरीनं काय करायचं, लघवी डब्यात भरून ठेवायची? शब्द ओठावर आले, पण कुणाला बोलणार? सही तर आपलीच. ती तशीच जिना उतरली. संताप इतका की पायऱ्या दिसत नव्हत्या, आणि सगळा आपल्यावरच.

खाली पारमिता पायरीवर बसलेली. पाय एकमेकांत घट्ट आवळून. मांडीवर बाटली, भरलेली. रोज किती बायका अशा आवळून बसलेल्या ती वॉर्डात बघते. बघितल्याबरोबर कळलं.

"लागलीया न्हवं? चल."

"घरी जाऊन जाते, मम्मी."

"शाळा सुटलीया आता. चल म्हणते न्हवं?"

"सुट्टीची बेल न्हाई झाली ना. सुट्टीतच जायचं असतंय. रूल हाय."

"चुलीत गेला रूल! कुणाचा रूल?"

पारमितानं मान खाली घातली. बुटाच्या टोकानं माती उकरली. मग हळूच म्हणाली, "तुझा."

उपासना तिच्याशेजारी पायरीवर बसली.

"जूनमध्ये मॅडमनीच सांगितलं वर्गात. पारमिताच्या मम्मींनी सुचवलंय म्हणून. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या." पोरगी बोलायला लागली तशी थांबेना. "मग पोरं मला म्हणायला लागली, तुझ्या मम्मीनं कुलूप लावलं. आरोही जाती, तिला कोण काय म्हणत न्हाई. मी गेले असते तर म्हणाले असते, बघा, मम्मीचा रूल पोरगीच मोडती. तुझ्याकडं बोट दाखवलं असतं ना सगळ्यांनी."

"मग मला सांगितलं का न्हाईस, बाळ?"

"तुला वाईट वाटलं असतं."

चार महिने! चार महिने या एवढ्याशा जिवानं आईचं नाव राखायला पोटात कळ धरून ठेवली, आणि आई गावभर गुन्हेगार शोधत हिंडत होती.

ती उठली. पोरीचा हात धरून सरळ मैदान ओलांडलं. गुणाबाई मागनं उतरलीच होती. "मावशी, चावी."

गुणाबाईनं एकदा तिच्या तोंडाकडं बघितलं आणि मुकाट्यानं जुडगा सोडला. उपासनानं कुलूप काढलं, पारमिता आत गेली. उपासना दाराला पाठ लावून उभी राहिली. पालक जिना उतरत होते, बघत होते, कुजबुजत होते. बघा म्हणावं. डोळे भरून बघा.

पारमिता बाहेर आली तेव्हा उपासनानं कुलूप कडीला परत लावलं नाही. पर्स उघडली, केसपेपर आणि डब्याच्या मध्ये ते टाकलं, चेन ओढली. जुडगा तेवढा गुणाबाईच्या हातात दिला.

"अहो उपासनाताई, कुलूप!" वरच्या मजल्यावरनं मॅडम ओरडल्या. "ती शाळेची वस्तू आहे!"

"सूचना लिहा मॅडम, वहीत," उपासना मान वर न करता म्हणाली. "जानेवारीत बघू."

जयाक्का गेटवर हसून हसून वाकली. मारुतीराव स्कूटरवरनं म्हणाले, "बरोबर केलासा सिस्टर! आमी हाय तुमच्या मागं!" तिनं त्यांच्याकडं ढुंकूनही बघितलं नाही.

गाडी सुरू करायच्या आधी मागं घटघट आवाज आला. पारमितानं बाटली तोंडाला लावलेली. अर्धी संपवून तिनं झाकण लावलं आणि काळजीनं विचारलं, "मम्मी, सोमवारी टीचर विचारतील, कुलूप कुठं हाय म्हणून. काय सांगू?"

"सांग, मम्मीनं नेलं."

"मग तुला बोट दाखवतील."

"दाखवू दे की," उपासना म्हणाली. "पी तू."