उजेडाला बसणारी

आमच्या ह्यांना बोलतं करणं म्हणजे भिंतीला बोलतं करणं. फोटोचं मात्र विचारू नका. गावातल्या निम्म्या माणसांचं जावळ आणि पुढे त्याच माणसांचं टक्कल, दोन्ही ह्यांच्याच कॅमेऱ्यातून गेलेलं आहे. पुढच्या खोलीत स्टुडिओ, मागे घर आणि मधे एक जाड पडदा. त्या पडद्यातून ये-जा करण्यात माझा जन्म गेला.

कारण काय, तर उजेड. गिऱ्हाईक आलं की आधी आरशाकडे धावतं. भांग पाडतं, पुसतं, पुन्हा पाडतं. बायकाच वेळ लावतात म्हणणाऱ्यांनी एकदा आमच्या आरशासमोरचे पुरुष बघावेत. तेवढ्या वेळात ह्यांना दिवे नीट करून ठेवायचे असतात, आणि त्यासाठी समोर माणूस लागतं. नुसत्या स्टुलावर उजेड पाडून काही कळत नाही, नाक-डोळे हवेत, असं ह्यांचं म्हणणं. मग पडद्यापलीकडून हाक येते, जरा ये गं. मी हातातलं टाकून जाते. हात कधी पिठाचे, कधी साबणाचे. स्टुलावर बसते. हे एक दिवा पुढे ओढतात, दुसरा मागे सारतात, पांढरी छत्री उघडतात, डोळे बारीक करून माझ्याकडे बघतात आणि समाधान झालं की म्हणतात, "हं. ऊठ." मी उठते, माझ्या जागी गिऱ्हाईक बसतं. मान सरळ, मान सरळ, असं त्याला दहादा बजावून झालं की टक्.

माझा टक् कधीच झाला नाही. लग्न होऊन आले तेव्हा पहिल्यांदा स्टुलावर बसले, तर वाटलं, आता काढणार. केस सारखे केले, ओठ ओले केले. हे म्हणाले, ऊठ. मी म्हटलं, एक काढा की. तर म्हणाले, फिल्म वाया जाते. नव्या नवरीला हे उत्तर. पुढे फिल्म गेली, डिजिटल आलं, हजार काढा नि हजार पुसा, कुणी विचारत नाही. तरी ह्यांचं पालुपद तेच, फिल्म वाया जाते. एकदा जिभेला वळण पडलं ते पडलं.

आता घरात माझे फोटो नाहीतच असं नाही, उगाच खोटं कशाला बोला. लग्नातला आहे, ह्यांना फोटो काढायला शिकवलेल्या गुरुजींनी काढलेला. त्यात माझे डोळे मिटलेत. लेक झाली तेव्हाचा आहे, त्यात तिच्या टोपीमागे मी आहे असं म्हणतात. एका सहलीतला आहे, त्यात जाऊबाई पूर्ण आणि मी अर्धी. पण स्टुलावर बसवून, दिवे लावून, माझा एकटीचा म्हणून काढलेला असा एकही नाही. लोकांना हे मी हसत हसत सांगायची. आतून मात्र लागायचं.

तर यंदा काय झालं, फोटोग्राफरांच्या संघटनेने वाचनालयाच्या हॉलमध्ये प्रदर्शन ठेवलं. जुन्या स्टुडिओवाल्यांनी प्रत्येकी एकच फोटो द्यायचा. चांगला नव्हे, आपला आवडता. आणि तो आवडता का, ते सगळ्यांसमोर दोन वाक्यांत सांगायचं. संघटनेचे सेक्रेटरी निरोप सांगायला आले तेव्हा मी चहा ओतत होते, पण कान तिकडे होते. माझ्या मनात काय आलं ते सरळ सांगते. ह्यांनी माझा फोटो द्यावा. नसला तर काढावा, पण माझा द्यावा. एवढं एकच मला हवं होतं. लेकीजवळ बोलले. ती म्हणाली, मग बाबांना सांग ना तसं. वा, सांगून दिला तर त्यात राम काय राहिला?

रविवारी स्टुडिओ बंद ठेवून खोकी उघडली. लेक खालीच बैठक मारून बसली, हे खुर्चीत आणि मी पुसायचं फडकं घेऊन दोघांच्या मधे. काय एकेक फोटो निघाले. आखाड्यातला म्हातारा पैलवान, तोंडात एकही दात नाही आणि हसू कानापर्यंत. आपल्याच लग्नात खुर्चीत झोपलेली नवरी, तिच्या मांडीवर तितकंच गाढ झोपलेलं कुणाचं तरी पोर. पुलाच्या कठड्यावर ओळीने बसलेले रंगारी, सगळ्यांचे पाय वेगवेगळ्या रंगांचे. लेक प्रत्येक फोटो वर धरायची, हे बघायचे, म्हणायचे, चांगला आहे, आणि बाजूला ठेवायचे. दुपारपर्यंत चांगल्यांचा ढीग गुडघ्याएवढा झाला आणि आवडत्याची जागा रिकामीच.

लेक वैतागली. बाबा, आवडता म्हणजे तुम्हाला अजून हवा तरी कसा, असं म्हणाली.

हे बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "चांगला कुणालाही दाखवता येतो. आवडता दाखवायची लाज वाटते."

एवढं लांब बोलणं ह्यांच्याकडून मी कितीतरी वर्षांत ऐकलं नव्हतं. लेक माझ्याकडे बघायला लागली. मी फडकं झटकलं आणि आत गेले. लाज वाटते म्हणे. कसली लाज, कुणाची लाज? माझा फोटो काढायची लाज वाटते असंच ना? राग माझ्या नाकावर असतोच, तो तिथून खाली उतरेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी न्हाऊन ठेवणीतले कपडे घातले, केस नीट बसवले आणि कुणी हाक मारलेली नसताना पडदा सारून स्टुलावर जाऊन बसले. म्हटलं, काढा. ह्यांनी माझ्याकडे बघितलं, दाराकडे बघितलं, गिऱ्हाईक आहे की काय म्हणून. मी म्हटलं, गिऱ्हाईक मीच. ह्यांनी दिवे लावायला घेतले आणि काय सांगू, त्या माणसाला दिवे लावता येईनात. हा ओढ, तो सार, छत्री उघड, छत्री मीट. मी ताठ बसून. शेवटी कॅमेऱ्याशी गेले, म्हणाले, "मान..." आणि थांबले. पुढचं मला ठाऊक होतं, आयुष्यभर ऐकलंय. आधीच ताठ होते, आणखी ताठ झाले. टक्.

संगणकावर बघितलं तर शाळा तपासायला आलेली बाई. आता कुणाची नोकरी जाते अशा तोंडाने बसलेली. लेकीला एवढं हसू आलं की तिला पाणी द्यावं लागलं. हे मात्र हसले नाहीत. बघितलं आणि म्हणाले, चांगला आहे.

चांगला म्हणजे काय, ते मला आदल्या दिवशीच कळलं होतं. मी कपडे बदलले आणि घरातली होती नव्हती तेवढी भांडी घासायला काढली. आता त्या प्रदर्शनाचं नाव काढायचं नाही, असं मनाशी ठरवलं.

उद्घाटनाच्या दिवशी हे वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक फ्रेम काखेत मारून सकाळीच गेले. काय आहे ते लेकीलाही दाखवलं नाही. मी म्हटलं, माझे गुडघे दुखताहेत, मी येत नाही. लेक म्हणाली, गुडघ्यांना रिक्षा करू. आणि ओढूनच घेऊन गेली.

हॉलमध्ये चिक्कार माणसं. भिंतीभर फोटो, डोंगर, पक्षी, म्हाताऱ्यांच्या सुरकुत्या. एका कोपऱ्यात मात्र लोक घोळका करून हसत होते. कलर लॅबवाल्याने मला बघितलं आणि लोकांना बाजूला करत म्हणाला, या वहिनी, बघा तुमच्या घरचं कोण आलंय.

मी बघितलं. आमचा स्टुडिओ, आमचं स्टूल. स्टुलावर एक उंच स्टँड, आणि त्या स्टँडवर पालथं घातलेलं पातेलं. पातेल्याखाली शाल गुंडाळलेली, खांद्यावरून घ्यावी तशी. शाल माझी. पातेलं माझं, काठाशी पोचा आलेलं, अजून त्यात दूध तापतं. आणि त्या पातेल्यावर उजेड असा पडलेला की काय विचारता, एका गालावर ऊन, दुसऱ्यावर सावली. राणीचा काढावा तसा पातेल्याचा फोटो.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे पातेल्यासाठी फिल्म होती. माझ्यासाठी नव्हती. गावभर माझी शोभा करायची तर निदान धुऊन तरी घ्यायचं होतं पातेलं, सगळं पांढरं माखलेलं. मी लेकीला म्हटलं, चल घरी. तेवढ्यात सेक्रेटरींनी ह्यांना बोलावलं.

हे उभे राहिले. दोनदा खाकरले. लोक अजून हसतच होते.

"आमची ही आईकडे गेली होती," हे म्हणाले. "सासूबाईंचा पाय मोडला होता. बरेच दिवस गेली. उजेडाला बसायला कुणी नव्हतं, म्हणून पातेलं ठेवलं. स्टील चकाकतं, म्हणून त्याला पीठ लावलं."

सगळे पुन्हा हसले. सेक्रेटरींना वाटलं, झालं दोन वाक्यांचं, आणि ते टाळ्या वाजवायला लागले. ह्यांनी हात वर करून त्यांना थांबवलं. आयुष्यात पहिल्यांदा ह्यांनी कुणाला थांबवलं असेल.

"मी दिवे हिच्यावर लावतो," हे म्हणाले. बोलत होते सगळ्यांशी, बघत होते जमिनीकडे. "मग ही उठते आणि लोक बसतात. म्हणजे मी काढलेला कुठलाही फोटो घ्या, उजेड हिचाच आहे. ती घरात नव्हती तेव्हा हे कळलं. करमत नव्हतं. सांगायचं कुणाला? म्हणून पातेल्याचा काढला."

आणि जाऊन खाली बसले. हॉलमध्ये कुणी हसलं नाही. मी पुन्हा फोटोकडे बघितलं, आणि मघाशी रागात जे दिसलं नव्हतं ते दिसलं. पातेलं सरळ नव्हतंच. स्टँडच्या एका बाजूला कागदाची घडी सारून ते जरासं डावीकडे कलतं केलेलं होतं. मी स्टुलावर बसले की माझी मान तशी कलते. माझी आई त्यावरून लहानपणी रागवायची. जगाला मान सरळ, मान सरळ म्हणणाऱ्या ह्या माणसाने मला ते कधी म्हटलं नव्हतं, आणि माझ्या ते आजवर ध्यानातही आलं नव्हतं. मला रडू आलं. चारचौघांत, ठेवणीतले कपडे घालून, एका पातेल्यासमोर उभी राहून मी रडले, आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

येताना रिक्षात मी विचारलं, परवा मान म्हणून थांबलात, ते पुढे काय म्हणणार होता?

"सरळ नको, म्हणणार होतो," हे म्हणाले.

मग म्हटलंत का नाही, तर म्हणे, तू एवढी सजून आली होतीस, तुला कशाला दुखवू. आणि हा पातेल्याचा फोटो इतकी वर्षं मला का दाखवला नाहीत? तर म्हणे, तू हसली असतीस. तेही खरंच. हसलेच असते, आणि शेजारीपाजारी सांगत फिरले असते. लेक पुढे रिक्षावाल्याशेजारी बसून बाहेर बघत होती, पण तिचे खांदे हलत होते. मला बरं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी एक मोठं कुटुंब फोटोला आलं. आजोबांपासून तान्ह्यापर्यंत सगळे आरशापुढे, एका कंगव्यावर भांडणं चाललेली. पडद्यापलीकडून हाक आली, जरा ये गं. मी कांदा चिरत होते. सुरी ठेवली, बाहीने डोळे पुसले, गेले आणि स्टुलावर बसले. ह्यांनी एक दिवा पुढे ओढला, एक मागे सारला, छत्री उघडली. पहिल्याच फटक्यात जमलं. डोळे बारीक करून बघितलं. मी उठायला लागले, कारण आता ऊठ म्हणणार.

टक्.

मी म्हटलं, अहो, फिल्म वाया गेली की.

"जाऊ दे," हे म्हणाले.

तो फोटो लेकीने मोठा करून बाहेर स्टुडिओच्या काचेत लावलाय. येणारे जाणारे थांबून बघतात. कांद्याने डोळे भरलेत, मान कललेली आहे, केसांचा अवतार झालाय, पण मी आहे. चांगला आहे. आवडता विचाराल तर तो मात्र आत स्वयंपाकघरात, दुधाच्या पातेल्याच्या वर टांगलेला आहे, आणि तो मी सहसा कुणाला दाखवत नाही.